तेल कुठून गळत होतं

त्या माणसाला आम्ही लहानपणापासून काका म्हणत आलो. इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. समोर असताना 'तुम्ही' म्हणावं लागलं, तेवढं पुष्कळ झालं.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते धारला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. आमचे पूर्वज मराठा दरबाराबरोबर माळव्यात आले ते शस्त्रं घडवायला आणि त्यांना धार लावायला. दरबार संपला तशी घरात लेथ मशीन आली, मग इंजिनं आली. आबांकडे विहिरीवरचे पंप यायचे, पिठाच्या गिरणीची इंजिनं यायची. नालछा, कुक्षी, कुठकुठून लोक ट्रॅक्टरमध्ये इंजिन टाकून आणायचे. माझ्या भावाला डिझेलच्या वासानं मळमळायचं. मला तो वास आवडायचा. शाळा संपली तशी मी दुकानातच रमले आणि आबांनीही कधी 'मुलीच्या जातीनं' वगैरे काही काढलं नाही. "हात स्वच्छ धुऊन जेवायला बस," एवढंच म्हणायचे.

तो आबांचा दोस्त. जुन्या कारकुनी घराण्यातला, बोलायला गोड. दसऱ्याला सोनं द्यायला आमच्याकडे पहिला यायचा. धरणाचं पाणी कुक्षीच्या खालच्या अंगाला चढलं, नर्मदेचं पात्र तळ्यासारखं पसरलं, रस्ते पाण्याखाली गेले आणि पलीकडच्या गावांना जायला बोटीशिवाय मार्ग उरला नाही. तेव्हा यानं एक लाँच घेतली. तिच्यासाठी समुद्राकाठच्या एका भंगारवाल्याकडून जुनं मरीन डिझेल इंजिन आणलं. तीन सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं, हत्तीच्या पिलाएवढं. आबांनी आणि मी ते नटनट सुटं केलं, धुतलं, झिजलेलं बदललं आणि पुन्हा जोडलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आबा कान लावून बराच वेळ उभे होते. इतकं एका लयीत चालणारं इंजिन मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

लाँच काही वर्षं छान चालली. मग एका हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी, माणसं, बकऱ्या आणि दोन मोटरसायकली घेऊन येताना भर पाण्यात तिचं इंजिन जाम झालं. वारा सुटला होता. लाँच वाहत वाहत बुडालेल्या झाडांत शिरली. तिथे पाण्यातून वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले असतात, भाल्यांसारखे. एक फळी फुटली, लाँच कलली, बकऱ्या पाण्यात पडल्या. एक बाई मोटरसायकलखाली सापडली आणि तिचा पाय मोडला. मासे धरणाऱ्यांच्या होड्या वेळेवर आल्या म्हणून माणसं सगळी वाचली.

आम्हाला निरोप आला. आबा आणि मी घाटावर पोचलो तेव्हा गर्दी जमली होती आणि गर्दीला कुणाला तरी धरायचं होतं. तो मध्ये उभा होता. आम्हाला बघताच तो मोठ्यानं म्हणाला, "ये देखो, यही है मिस्त्री. पीछे की सील उल्टी बिठा दी इसने. सारा तेल वहीं से निकल गया."

सील म्हणजे रबराची कडी. इंजिनाचा मुख्य दांडा मागच्या बाजूनं बाहेर येऊन पाण्यातल्या पंख्याकडे जातो, तिथे तेल अडवायला ती बसवतात. तिची ओठासारखी कड आतल्या बाजूला लागते. ती सील आबांनी बसवली तेव्हा बॅटरी मीच धरली होती. ती उलटी नव्हती.

आबा म्हणाले, "इंजिन खोलू दे मला. आत्ता खोलून दाखवतो सगळ्यांना."

"आता हात लावायचा नाही," तो म्हणाला. "पोलीस केस होईल." इंजिनाच्या खोलीला त्यानं कुलूप घातलं होतं. मग आबांच्या जवळ येऊन मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "अरे, तू माफी माग. लोक शांत होतील. पुढचं मी बघतो. आपण घरचे आहोत."

मी शेजारीच होते. मला सगळं ऐकू आलं.

आबा भांडणारे नव्हते. त्यांनी गर्दीकडे बघून हात जोडले. कुणीतरी चप्पल फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली आणि पायऱ्यांवर पडली. पाय मोडलेल्या बाईची सासू पदर पसरून शिव्याशाप देत होती. आबा तसेच हात जोडून उभे राहिले आणि तो पाण्याकडे बघत राहिला, जणू पाण्यात काही दिसतंय.

पुढचं त्यानं काहीच बघितलं नाही. त्या भागात आबांना 'उल्टा मिस्त्री' म्हणायला लागले. पंप येईनात, गिरण्या येईनात. धारमध्येसुद्धा कुणी आलं तर आधी हसून म्हणायचं, "भिया, सीधा बिठाना हाँ." आबांनी वर्षभर ते हसणं ऐकलं. मग लेथ विकली आणि एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला बसले. घरी त्या दिवसाचा विषय निघाला की म्हणायचे, "सोड गं. झालं ते झालं."

मी सोडलं नाही. लग्न होऊन देवासला आले, जनरेटर दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला लागले, पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं. कारखान्यांचे, लग्नाच्या मंडपांचे, दवाखान्यांचे जनरेटर माझ्याकडे येतात. माझे हात काम करायचे आणि डोक्यात तो असायचा. झाकणांखाली तेल अडवायला बसवायची गॅस्केट कापताना मी मनातल्या मनात त्याची लाँच बुडवायची. कधी नुसती बुडवायची, कधी त्याच्यासकट. कुक्षीकडचा कुणी भेटला की सहज विचारल्यासारखं त्याची चौकशी करायची. त्याचा मुलगा भांडून घर सोडून गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी घरी शिरा केला. त्याची बायको अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं हे कळत होतं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"बेटा, ओळखलंस का? काका बोलतोय."

मी ओळखलं होतं. मी हातातला पाना खाली ठेवला.

म्हणाला, लाँच तेल गाळते आहे. घाटाच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो, तिथे लोक आंघोळीला उतरतात, पूजा करतात. तक्रार झाली आणि सरकारी साहेबांनी गळती बंद होईपर्यंत लाँच थांबवली आहे. मेकॅनिक येतात, मागची सील बदलतात, चार दिवस ठीक आणि मग पुन्हा तेच. "ड्रायव्हर म्हणाला, त्यांच्या मुलीला बोलवा. तिनं ते इंजिन पोटापासून पाहिलंय. मी म्हटलं, अरे हो, आपलीच तर पोर आहे."

"येते," मी म्हणाले.

मी पिशवी भरत होते तेव्हा नवरा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "कामाला चाललीस की भांडायला?"

"दोन्हीला."

हत्यारांच्या खाली मी एक छोटी डबी ठेवली. तिच्यात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होती. ती वाळूसारखी खरखरीत असते, लोखंडाला लोखंडावर घासून बसवायला वापरतात. इंजिनाच्या तेलात ती चमचाभर गेली की आतले बेअरिंग, दांडा, सगळं खाऊन टाकते आणि बाहेरून काही दिसत नाही. डबी त्याच्यासाठीच घेतली होती, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही.

घाट तोच होता. तो छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झाला होता, पण शर्टाला इस्त्री कडक. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

"आबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"माझी आठवण काढतात का कधी?"

मी चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "इंजिन दाखवा."

ड्रायव्हर जुनाच होता, नावाड्याच्या घरातला, आता पांढऱ्या मिशांचा. त्यानं मला इंजिनाच्या खोलीत नेलं. आत उभं राहता येत नाही, वाकूनच फिरावं लागतं. इंजिनाचा रंग आता निळा होता. अपघातानंतरच्या दुरुस्तीत ते निळं रंगवलं, असं ड्रायव्हरनं सांगितलं. खाली लाँचच्या तळाशी काळं तेल आणि पाणी मिसळून साचलं होतं. वरून खालपर्यंत सगळं इंजिन चिकट झालं होतं, त्यामुळे तेल नेमकं कुठून येतं हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. मी ड्रायव्हरला रॉकेल आणि चिंध्या आणायला पाठवलं.

मी एकटी राहिले. इंजिनात तेल ओतायचं झाकण माझ्या हाताशी होतं. मी ते फिरवून काढलं. पिशवीतून डबी काढली, तिचंही झाकण उघडलं. बोटावर पेस्ट घेतली. करडी, थंड. आतमध्ये तेलाचा काळोख दिसत होता.

मला थांबवलं ते चांगुलपणानं नाही. मला एवढंच दिसलं की दहा-पंधरा दिवसांनी इंजिन जाम होईल आणि तो याच घाटावर उभा राहून म्हणेल, "जैसा बाप, वैसी बेटी." तो जे खोटं बोलला होता ते मी माझ्या हातानं खरं करून देणार होते. मी बोट चिंधीला पुसलं, पुन्हा पुसलं, डबी बंद करून पिशवीच्या तळाशी दाबून टाकली आणि इंजिनाचं झाकण परत घट्ट फिरवलं. मग माझ्या लक्षात आलं की मला त्याचं इंजिन नकोच आहे. मला तो हवा आहे, हात जोडलेला, लोकांसमोर.

ड्रायव्हर आला. आम्ही दोघांनी मिळून इंजिन रॉकेलनं धुतलं, ब्रशानं कोपरे घासले, कापडानं पुसून कोरडं केलं. दुपारपर्यंत ते लख्ख झालं. मग मी त्याला बाजारातून टाल्कम पावडरचा डबा आणायला लावला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

"बाई, इंजन को पौडर लगाओगी?"

"लगाऊँगी. नहाया है तो पौडर भी लगेगा."

पुसलेल्या इंजिनावर पावडर शिंपडली की तेल जिथून फुटतं तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. धुतल्याशिवाय आणि पावडरीशिवाय गळती शोधायला गेलं तर लाँचचं इंजिन हमखास फसवतं. कारण ते मागच्या बाजूला कललेलं बसवलेलं असतं. तेल पुढून गळो, वरून गळो, ते उतारानं मागेच जातं, तिथलं फिरतं चाक ते सगळीकडे उडवतं, आणि बघणारा म्हणतो, मागची सील गेली. इतकी वर्षं सगळे मागची सीलच बदलत होते.

आम्ही इंजिन सुरू केलं. मी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन आडवी झाले. पहिली रेघ वरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून आली. मग कुशीतल्या झाकणाखालून. मग पुढून. मागच्या सीलमधून सगळ्यात शेवटी आली. एक सील खराब असू शकते. पण सगळीकडून एकाच वेळी तेल येत असेल तर दोष सीलचा नसतो. आतून कुणीतरी ढकलत असतं.

मी तेल ओतायचं झाकण काढून त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधली. ती फुगायला लागली आणि बघता बघता फुग्यासारखी टणक झाली. ड्रायव्हर एक पाऊल मागे सरकला.

पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली तेलाच्या खोलीत उतरतोच, आणि इंजिन झिजेल तसा तो वाढत जातो. तो बाहेर जावा म्हणून अशा इंजिनाला कुशीत एक वाकडी नळी असते. ह्याच इंजिनाची ती नळी मी स्वतः धुतली होती. तिच्या जाळीतली काजळी दात घासायच्या ब्रशानं काढली होती. आणि मला आठवलं, लाँच नवी असताना तो आमच्या दुकानात येऊन म्हणाला होता की त्या नळीच्या धुराचा वास पुढे बसणाऱ्या बड्या लोकांना लागतो, ती बंद करता येईल का? आबांनी त्याला सांगितलं होतं, "ते इंजिनाचं नाक आहे. नाक दाबलं तर जिथून जागा मिळेल तिथून ते तेल ओकेल. नळीला लांब पाइप जोडून वर छपराबाहेर काढू, मी येतो रविवारी." त्या रविवारी तो म्हणाला, आता गरज नाही, वास थांबला.

मी नळीच्या जागी हात फिरवला. नळी नव्हती. तिथे एक गोल उंचवटा होता, निळ्या रंगानं गुळगुळीत झालेला, मुळातच ओतलेला असावा असा. ज्यानं हे इंजिन आधी पाहिलं नाही त्याला तिथे भोक असायला हवं हे कळणारच नाही. मी चाकूनं खरवडलं. निळा रंग निघाला. त्याच्याखाली हिरवा निघाला, आमच्या वेळचा. हिरव्याच्या खाली लाकूड होतं.

मी तशीच पाठीवर पडून राहिले. हिरव्या रंगाखाली लाकूड, म्हणजे हे बूच अपघाताच्या आधीचं होतं. नळी कापून, आत बूच ठोकून, वर रंग फासला होता. त्या दिवशी सगळं तेल बाहेर ढकललं गेलं ते ह्याच्यामुळे. आणि आबांना खोलीत जाऊ न देता दाराला कुलूप लावलं तेही ह्याच्यामुळेच.

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो उकिडवा बसला होता, मान खाली.

"किसने ठोका?"

"मैंने ठोका," तो म्हणाला. "सेठ ने ठुकवाया. धुएँ से मेहमानों का जी घबराता था."

"तब बोले क्यों नहीं?"

"बाई, घर में खाने वाले कितने थे, और ये एक नौकरी." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "अब पूछोगी तो बोल दूँगा. सबके सामने बोल दूँगा."

मी बूच काढलं नाही. सगळं पुन्हा बंद केलं, हात धुतले आणि वर छत्रीखाली बसलेल्या त्याच्याकडे जाऊन म्हणाले, "कारण सापडलं. काम परवा करीन."

"परवा तर हाट आहे. गर्दी असते. आजच उरकून टाक ना."

"सामान यायला परवा उजाडेल."

सामान माझ्या पिशवीतच होतं. ते दोन दिवस मी कुक्षीच्या धर्मशाळेत राहिले. धारला आबांकडे जाता आलं असतं, पण ते माझा चेहरा वाचतात आणि मग म्हणाले असते, सोड गं. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. मी काय बोलायचं ते मनात घोळवत पडून राहिले आणि इतकी शांत झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

हाटाच्या दिवशी घाट भरला. लाँच बंद म्हणून लोक छोट्या होड्यांची वाट बघत पायऱ्यांवर बसले होते, टोपल्या, कोंबड्या, पोती घेऊन. मी लाँचच्या मागच्या फळ्या उघडायला लावल्या, म्हणजे पायऱ्यांवरून इंजिन सरळ दिसेल. माणसं आपोआप जवळ आली. इंजिन कुणी उघडलं की आपल्याकडे माणसं जमतातच. मी इंजिन सुरू केलं, पिशवी बांधली, ती फुगली. पोरं हसली. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीत, सांगितलं की ह्या इंजिनाचं नाक बंद केलेलं आहे, आणि बूच पक्कडीत धरून पिळत पिळत बाहेर ओढलं.

भोकातून काळा धूर भसकन निघाला. आणि टणक पिशवी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मऊ पडली, एका बाजूला लोंबली.

तो खुर्चीवरून उठला होता. मी ते बूच हातात घेऊन पायऱ्या चढले.

"हे कुणी ठोकलं?"

"मला काय माहीत? मिस्त्री लोक काय काय करतात. ड्रायव्हरनं केलं असेल."

"आपने ठुकवाया था, सेठ," ड्रायव्हर लाँचवरून म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता. "एक्सीडेंट के पहले. मुझसे रंग भी लगवाया था."

जुन्या लोकांना अपघात आठवत होता. तरुणांना शेजारचे सांगत होते.

तो माझ्या जवळ सरकला आणि तेव्हासारखाच हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "बेटा, जुनी गोष्ट आहे. आपण घरी बसून बोलू. मी आबांकडे येतो."

"घरी नाही," मी म्हणाले. "तेव्हा जे इथे बोललात ते इथेच परत घ्या. हिंदीत. यांना कळेल असं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी चालले. लाँच बंदच राहील. पण एवढ्या लोकांनी आता पाहिलंय, ते कसं बंद ठेवाल?"

त्यानं गर्दीकडे पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. 'मिस्त्री की गलती नहीं थी' एवढं मला ऐकू आलं.

पायऱ्यांवरून एक बाई उठली. एका पायानं लंगडत खाली आली. मी तिला ओळखलं नाही, पण तिची चाल बघून कळलं ती कोण. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सुनाई नी दियो. जोर से बोल."

तो जोरात बोलला. सील सरळ होती. नळी मी बंद करायला लावली. खोलीला कुलूप मी घातलं. मिस्त्री निर्दोष होता. एकेक वाक्य त्याच्या घशातून ओढून काढावं लागलं आणि प्रत्येक वाक्यानंतर तो थांबून माझ्याकडे बघायचा, झालं का म्हणून. मी मान हलवायची, नाही.

शेवटी मी म्हणाले, "आता हात."

"काय?"

"आबांनी जोडले होते ना? तसे जोडा."

त्यानं हात जोडले. म्हातारे हात, त्यांच्यावर तपकिरी ठिपके. मी माझ्या मनात दया येते का ते पाहिलं. आली नाही. मी ते हात पोटभर पाहिले. तो ते खाली करायला लागला तेव्हा मी म्हणाले, "थांबा अजून." आणि तो थांबला. लंगडणारी बाई त्याच्या पायाशी थुंकली आणि आपल्या टोपलीकडे निघून गेली. मला फार बरं वाटलं. ह्याहून वेगळं काही वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मग मी काम केलं. ते मात्र असं केलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. भोकाला नवी नळी बसवली, तिला पाइप जोडून छपराच्या वर काढला. वरच्या झाकणाचे नट आधीच्या मेकॅनिकांनी गळती थांबवण्यासाठी आवळून आवळून पत्रा वाकवला होता, तो लाकडावर ठेवून ठोकत सरळ केला आणि नवी गॅस्केट घातली. कुशीतल्या झाकणांना कॉर्कच्या पातळ पत्र्याची गॅस्केट कापून बसवली. तेलाच्या नळ्यांच्या सांध्यांतल्या तांब्याच्या चकत्या कडक झाल्या होत्या. त्या लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्या, म्हणजे तांबं पुन्हा मऊ होतं आणि नीट दबतं. मागची सील शेवटी बदलली. बसवण्याआधी ड्रायव्हरला, घाटावरच्या चार माणसांना आणि त्यालाही दाखवली, कड कुठल्या बाजूला आहे ती. तो बघून घेऊन खाली मान घालून बसला. पुन्हा पावडर मारली, इंजिन संध्याकाळपर्यंत चालवलं. पावडर पांढरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी धारला गेले. आबा भावाच्या घरी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला वाटलं होतं, ते ऐकतील आणि म्हणतील, कशाला केलंस, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळलंस. मी भीतभीतच सुरुवात केली. इंजिन निळं केलंय, धुतलं, पावडर मारली. ते लसूण सोलत होते. पिशवी फुगली इथे त्यांचे हात थांबले.

"नळी?" ते म्हणाले.

"बूच ठोकलं होतं. हिरव्या रंगाच्या खाली."

आबांनी विचारलं, "लाकूड कसलं होतं?"

"सागवान असावं."

"चांगलं घट्ट बसलं असणार." मग एकदम म्हणाले, "लोक होते?"

"हाट होता."

"हाट होता!" त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "मग? तो काय म्हणाला?"

मी सगळं सांगितलं. हात जोडल्याचं सांगितलं तेव्हा ते पुढे सरकले.

"कसे जोडले? असे, छातीपाशी? की वर?"

"छातीपाशी."

"माझे कपाळापर्यंत होते," आबा म्हणाले. "आणि तू थांब म्हणालीस? परत सांग. थांब म्हणालीस तेव्हा त्याचं तोंड कसं झालं?"

मी परत सांगितलं. भाऊ कामावरून आला, त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. जेवताना पुन्हा. बाई थुंकली ती नक्की कुठे, पायावर की पायाजवळ, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आणि मग ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, वहिनीनं पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले. इतकी वर्षं 'सोड गं' म्हणणाऱ्या माणसानं स्वतः काही सोडलं नव्हतं. ते माझ्यापेक्षा जास्त धरून बसले होते, फक्त त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नव्हतं.

पुढच्या हाटाच्या दिवशी भावाचा मला देवासला फोन आला. आबा घरात नाहीत, नवा शर्ट घालून सकाळच्या बसनं कुक्षीला गेलेत. मी घाबरून ड्रायव्हरला फोन लावला.

"हाँ, यहीं बैठे हैं," तो म्हणाला. "सेठ की कुर्सी के ठीक सामने. चाय पी रहे हैं."

"कुछ बोले?"

"कुछ नहीं. बस बैठे हैं, सेठ को देख रहे हैं. सेठ कुर्सी उधर घुमाते हैं तो ये भी उठके उधर जा बैठते हैं."

त्या दिवशी आबा शेवटच्या बसनं परत आले आणि भावाला म्हणाले की दिवस फार छान गेला. ते अजूनही जवळजवळ दर हाटाला जातात. घरून कुणी अडवत नाही. मागच्या महिन्यात मीही सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून भजी खाल्ली.